देवगिरी कशाने पडला?

यंदा आपल्या शाळेची सहल देवगिरीला, म्हणजेच दौलताबादच्या किल्ल्याला गेली होती. परत येताना गाडीत सगळी मुले म्हणत होती, "केवढा हा किल्ला! हा कुणाला घेताच आला नसेल." मला मात्र तसे वाटत नाही. का, ते इथे लिहीत आहे.

किल्ला बळकट आहे, यात शंका नाही. यादव राजा पाचवा भिल्लम याने ११८७ च्या सुमारास येथे राजधानी केली. पुढे तुघलक, बहमनी व निजामशाही राजवटींनी त्यात भर घातली. टेकडी सुमारे २०० मीटर उंच आहे. तिचा खालचा भाग चोहोबाजूंनी तासून इतका सरळ केलाय की, घोरपडसुद्धा घसरून पडेल! कड्याभोवती खडकात खोदलेला खंदक आहे. तो ओलांडला की अंधारी लागते. हा खडकातून वर जाणारा वळणावळणाचा भुयारी जिना. आत भरदिवसा हाताला हात दिसत नाही. वरच्या तोंडाशी आग पेटवून आत धूर कोंडायची सोय होती. हत्तीला धाव घेऊन धडक मारता येऊ नये म्हणून दरवाजे आडवळणी बांधले आणि फळ्यांना अणकुचीदार खिळे ठोकले.

तरी काय झाले? १२९६ साली अल्लाउद्दीन खलजी अचानक चालून आला. राजा रामदेवरायाचे मुख्य सैन्य युवराज शंकरदेवाबरोबर बाहेर होते. राजाने किल्ल्याचा आश्रय घेतला. इतिहासात अशी कथा सांगतात की, घाईघाईने धान्य समजून ज्या गोण्या वर नेल्या, त्या उघडल्यावर आत मीठ निघाले. राजाला तह करावा लागला. १६३३ साली मोगलांनी वेढा घातला, तेव्हाही आत उपासमार झाली आणि किल्ला द्यावा लागला. दोन्ही वेळा कडा जागच्या जागी उभाच होता.

म्हणून मला वाटते, किल्ला दगडाने राखला जात नाही, तो माणसांनी राखायचा असतो. गोणी उघडून बघणारा एक माणूस हवा होता.

आता आपल्या गावाकडे बघू. आपल्या गावच्या गढीचा एकच बुरूज उरला आहे. लोक तिथली पांढरी माती आणि दगड नेतात. मला त्यांचा राग यायचा. सहलीहून आल्यावर मी घरी हे बोलले, तर आजी हसून म्हणाली, "अगं बाई, आपल्या गोठ्याची पायरी कुठली वाटली तुला? तुझ्या आज्यानंच आणलाय तो दगड." मी गप्पच झाले. रोज त्याच पायरीवर बसून मी पाढे म्हणते!

बाबांना म्हटलं, दगड परत नेऊन ठेवू. ते म्हणाले, "एका दगडानं काय होतंय?" मला वाटतं, देवगिरीवर गोण्या चढवतानाही कुणीतरी असंच म्हटलं असेल, एक गोणी नाही बघितली तर काय होतंय?

काही जण म्हणतील, पडकी गढी काय कामाची? पण देवगिरीच्या भिंतींवर लोकांनी आपली नावे कोरलेली पाहून आपल्यालाच वाईट वाटले ना? मग आपल्या गढीने काय पाप केले?

माझी एक सूचना आहे. दर शनिवारी शाळा सुटल्यावर एकेका वर्गाने गढीवर फेरी मारावी. सुटलेले दगड मोजून वहीत लिहावेत. ती वही गुरुजींनी सरपंचांना दाखवावी. गोठ्याच्या पायरीचे अजून ठरलेले नाही. बाबा "बघू" म्हणाले आहेत. मी रोज आठवण करते आहे.

– इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी