घर हादरवणारा स्पीकर कुणाला हवा?

दिवाळीच्या आधी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, किंवा कुठल्याही शहरातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात, एक संवाद हमखास कानावर पडतो. मुलाला स्पीकर हवे असतात, पैसे वडील देणार असतात. वडील विचारतात, ‘‘किती वॉटचे?’’ मुलगा विचारतो, ‘‘बेस कसा आहे?’’ दुकानदाराकडे दोघांसाठी एकच उत्तर असते, ‘‘काका, घर हादरेल!’’ मग तो आवाजाचे बटण पूर्ण फिरवून एखादे दणदणीत गाणे लावतो, काउंटरची काच थरथरते आणि सौदा ठरतो.

या सगळ्यात एक प्रश्न राहून जातो. आवाज अगदी हळू ठेवला, तर हे स्पीकर कसे वाजतात? संगीत, सिनेमा आणि गेम या तिन्हींसाठी खरे तर हाच पहिला प्रश्न असायला हवा. हळू आवाजात ज्यावर नीट ऐकू येत नाही, त्याचा आवाज वाढवला जातो. कॉम्प्युटरचा स्पीकर तर हाताच्या अंतरावर असतो. तो वाढवलेला आवाज रोज तीन-चार तास थेट कानावर आदळत राहतो.

आधी वॉटचा हिशेब पाहू. चांगल्या छोट्या स्पीकरला एक वॉट वीज दिली आणि एक मीटरवरून मोजले, तर साधारण 85 डेसिबल आवाज भरतो. कामाच्या जागी रोज आठ तासांसाठी धोक्याची रेषा समजली जाते ती याच पातळीला. म्हणजे टेबलावर बसून ऐकणाऱ्याला कान बिघडवण्यासाठी एक वॉटही पुरतो. वॉट दुप्पट केले, तर आवाज वाढतो फक्त तीन डेसिबलने, आणि दहापट केले तर दहा डेसिबलने. हे दहा डेसिबल कानाला जेमतेम दुप्पट वाटतात. त्यामुळे वीस वॉटचे सोडून चाळीस वॉटचे घेणाऱ्याच्या पदरात फरक पडतो तो प्रामुख्याने बिलात.

वॉट अगदीच निरुपयोगी नसतात. सरासरी आवाज 70 डेसिबल ठेवला, तर वीज लागते वॉटच्या तिसाव्या हिश्श्याएवढी. पण सिनेमातला स्फोट किंवा ढोलाची थाप सरासरीपेक्षा वीस डेसिबलने वर जाऊ शकते आणि तेवढ्या क्षणासाठी शंभरपट शक्ती लागते. ही शंभरपटही तीन-साडेतीन वॉटच होते. म्हणून एका बाजूला दहा ते वीस खरे वॉट घरातल्या टेबलासाठी भरपूर झाले. यातला ‘खरे’ हा शब्द महत्त्वाचा. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला ‘पीएमपीओ’चा आकडा कुठल्याही ठरलेल्या मोजमापावर आधारलेला नसतो, टू-इन-वनच्या जमान्यापासून तो ग्राहकाला भुलवतो आहे. पाहायचा तो ‘आरएमएस’चा आकडा. आणि फक्त यूएसबीच्या वायरवर चालणारे स्पीकर वीस वॉटचा दावा करत असतील, तर साधा गुणाकार करावा. जुन्या प्रकारच्या यूएसबीतून पाच व्होल्टला अर्धा अँपिअर मिळतो, म्हणजे अडीच वॉट. उरलेले साडेसतरा खोक्यावरच राहतात.

मग लोक आवाज वाढवतात कशासाठी? बहुतेक वेळा बेससाठी. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत फ्लेचर आणि मन्सन या दोन शास्त्रज्ञांनी 1933 मध्ये माणसाच्या कानाचे एक वैशिष्ट्य आलेखांतून दाखवले. आवाज हळू असला की कानाला खर्जातले स्वर फारच कमी ऐकू येतात. 1000 हर्ट्झचा स्वर 40 डेसिबलला जेवढा मोठा वाटतो, तेवढाच मोठा वाटण्यासाठी 100 हर्ट्झच्या स्वराला सुमारे 64 डेसिबल लागतात. आवाज वाढवत नेला की ही दरी कमी होते आणि गाणे ‘भरलेले’ वाटू लागते. जुन्या अँप्लिफायरवर ‘लाउडनेस’ नावाचे बटण असे, ते यासाठीच. हळू आवाजात ते खर्ज जरा उचलून देई. आता ते बटण बहुतेक स्पीकरवरून गेले आहे. राहिला तो एकच गोल खटका, आणि तो उजवीकडेच फिरतो.

छोट्या, स्वस्त स्पीकरमध्ये ही अडचण दुपटीने वाढते. दोन-अडीच इंचांच्या पडद्याला खर्ज नीट काढताच येत नाही. ऐकणारा खर्जाच्या आशेने आवाज वाढवतो, खर्ज मात्र फारसा वाढत नाही. वाढतो तो मधला आणि वरचा, कर्कश भाग. अँप्लिफायरची ताकद संपली की स्वर फाटतो आणि त्यातून आणखी कर्कशपणा येतो. नेमका हाच टापू कानाचा नाजूक भाग आहे. कानाची नळी 3000 हर्ट्झच्या आसपासचे स्वर आपणहून मोठे करते आणि मोठ्या आवाजाने होणारे नुकसान श्रवणचाचणीत सर्वप्रथम दिसते ते 3000 ते 6000 हर्ट्झच्या दरम्यान, बहुधा 4000 च्या जवळ.

नुकसान होते म्हणजे काय? अंतर्कर्णात आवाज टिपणाऱ्या केशपेशी एका कानात साधारण 15 हजार असतात. त्या लाखांनी नाहीत, एका छोट्या गावाच्या लोकसंख्येएवढ्या. त्या मेल्या की पुन्हा येत नाहीत. कोंबडीच्या कानात त्या पुन्हा उगवतात, माणसाच्या नाही. आणि वरच्या स्वरांच्या पेशी गेल्या की पहिल्यांदा हरवतात ती व्यंजने. स, श, फ यांसारखे घासून येणारे वर्ण याच उंच टापूत असतात. ‘साठ’ म्हटलेले ‘आठ’ ऐकू येते. ‘ऐकू येतं, पण कळत नाही’ ही आजोबांची तक्रार असते तशीच. ती चाळिशीतच सुरू व्हावी, असे कुणालाही वाटणार नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने करमणुकीच्या आवाजासाठी एक ‘मात्रा’ सांगितली आहे. मोठ्यांसाठी आठवड्याला 40 तास, 80 डेसिबल; मुलांसाठी तेवढेच तास, पण 75 डेसिबल. आवाज 90 वर गेला की मोठ्यांचे 40 तासांचे चार तास होतात. औषधाच्या मात्रेसारखीच ही गोष्ट आहे. किती मोठा आवाज आणि किती वेळ, दोन्हींचा गुणाकार कान लक्षात ठेवतो.

आता निवडीकडे. संगीत ऐकणाऱ्याने ‘टू पॉइंट वन’च्या मोहात सहज पडू नये. दोन चिमुकले स्पीकर आणि खाली एक सबवूफर असा तो संच असतो. स्वस्त संचांतल्या सबवूफरचे खोके एकाच ठरावीक स्वराला घुमते. मग कोणतेही गाणे लावा, खालून ‘ढुम्म’ एकच येते. हे पकडायची सोपी कसोटी घरोघरी आहे. तबल्याची एखादी चांगली साथ लावावी आणि डग्ग्याकडे कान द्यावा. वादक मनगट दाबून सरकवतो तेव्हा डग्ग्याचा स्वर वर चढतो, खाली उतरतो. ही घसीट स्पष्ट ऐकू आली, तर स्पीकर खरा. नुसता ठोका ऐकू आला, तर तो खोक्याचा आवाज आहे, डग्ग्याचा नाही. दुसरी कसोटी उजव्या हाताच्या तबल्याची. सर सी. व्ही. रामन यांनी 1920 मध्ये दाखवून दिले होते की तबल्यावरच्या शाईमुळे त्यातून निघणारे उपस्वर तंतुवाद्यासारखे सुसंवादी होतात. साध्या ढोलाचे तसे होत नाहीत. हा सुरेलपणा हळू आवाजातही टिकला पाहिजे. मधला टापू गढूळ असलेल्या स्पीकरवर तबला आणि पत्र्याचा डबा यांत फारसा फरक उरत नाही. त्याच पैशांत चार इंची पडद्यांचे दोन मोठे स्पीकर मिळत असतील, तर सबवूफरवर पाणी सोडणे शहाणपणाचे.

सिनेमाचे दुखणे वेगळे. तिथे लोक बेससाठी नाही, संवादांसाठी आवाज वाढवतात. पात्रे कुजबुजतात म्हणून आवाज वाढवावा, तर पुढच्याच क्षणी गाडी उडते आणि शेजारचे दार उघडते. चित्रपटगृहात संवादांना पडद्यामागे स्वतंत्र स्पीकर असतो. घरी ते सगळे दोन स्पीकरांत कोंबले जाते. यावर जास्त वॉट हा उपाय नाहीच. संवाद स्वच्छ देणारा मधला टापू हवा आणि ‘नाइट मोड’ची सोय हवी, ती खालचे आवाज वर आणते, वरचे खाली. ती स्पीकरमध्ये नसली तरी कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये किंवा सिनेमा चालवणाऱ्या प्लेअरमध्ये सापडू शकते. आणि उपशीर्षके लावण्यात कमीपणा कसला?

गेम खेळणाऱ्याला हवी असते दिशा. पावले डावीकडून आली की मागून? दोन कानांवर आवाज पोचण्यातला फरक सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी असतो; तेवढ्यावर मेंदू दिशा ओळखतो. यासाठी दोन सारखे, समान अंतरावर ठेवलेले स्पीकर बरेच काम करतात. रंगीबेरंगी दिव्यांचे पैसे मात्र डोळ्यांच्या खात्यात टाकावेत. ब्लूटूथ टाळावे. सेकंदाचा दहावा ते पाचवा हिस्सा उशीर गाण्यात कळत नाही, गेममध्ये तेवढ्यात खेळाडू मेलेला असतो.

इथेच अनेक घरांत वाद होतो, कारण मुलांना हेडफोन हवा असतो. मागून येणारी पावले त्यात जास्त नेमकी कळतात हे खरे. पण 2024 च्या जानेवारीत ‘बीएमजे पब्लिक हेल्थ’ या नियतकालिकात 14 अभ्यासांचा आणि 50 हजारांहून अधिक लोकांच्या माहितीचा आढावा प्रसिद्ध झाला. गेम खेळताना ऐकला जाणारा आवाज अनेकदा सुरक्षित मर्यादेच्या जवळ किंवा पलीकडे असतो, असे त्यात दिसले. गोळीबार, स्फोट असे आवाज क्षणभराचे पण तीव्र, आणि खेळ तासन्‌तास चालणारा. हेडफोनचा खरा दोष असा की तो किती मोठा आहे हे घालणाऱ्याशिवाय कुणालाच कळत नाही. स्पीकरचा आवाज चार भिंतींत सार्वजनिक असतो. स्वयंपाकघरातून ‘‘अरे, आवाज कमी कर!’’ अशी हाक येते, ती कुठल्याही अ‍ॅपपेक्षा भरवशाची सुरक्षायंत्रणा आहे.

अर्थात एका खोलीच्या घरात, जिथे बहिणीची बारावी आहे आणि वडील रात्रपाळी करून झोपले आहेत, तिथे स्पीकरचा सल्ला देणे म्हणजे टेबल नसलेल्याला टेबललॅम्प सुचवणे. तिथे हेडफोनच लागणार. मग फोनमध्ये किंवा कॉम्प्युटरमध्ये आवाजाची कमाल मर्यादा एकदाच बांधून टाकावी, आणि ती बांधण्याचे काम मुलाच्या हाती सोडू नये.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी आणखी एक लक्षात घ्यावे. भिंत वरचे स्वर बऱ्यापैकी अडवते, खर्ज नाही. सबवूफर फरशीवर ठेवला की तो खालच्या मजल्याच्या छताला बसवल्यासारखाच असतो. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात मर्यादा दिवसा 55 आणि रात्री दहानंतर 45 डेसिबल आहे; पण शेजारी डेसिबल मोजत बसत नाहीत, ते बेल वाजवतात.

घरी आणल्यावर मांडणीने जे साधते ते पैशांनी साधत नाही. दोन स्पीकर आणि डोके यांचा समभुज त्रिकोण व्हावा, छोटा पडदा कानाच्या उंचीला यावा. टेबलावर आडवे पडलेले स्पीकर पोटाला गाणे ऐकवतात, कानाला नाही. खाली दोन जाड पुस्तके ठेवली तरी फरक कळतो. बेस कमी वाटला तर स्पीकर भिंतीकडे थोडे सरकवावेत, भिंत खर्ज वाढवते. घुमू लागला तर पुढे ओढावेत. हे फुकट आहे आणि खटका फिरवण्याआधी करून पाहण्यासारखे आहे.

दुकानात जाताना ओळखीची तीन गोष्टींची फाइल सोबत न्यावी: तबल्याची साथ, संवाद असलेला एखादा प्रसंग आणि नेहमीचा गेम किंवा त्याचे रेकॉर्डिंग. दुकानदाराला आवाज इतका कमी ठेवायला सांगावे की समोरासमोर बोलताना सूर चढवावा लागणार नाही. त्या पातळीला डग्गा, कुजबुज आणि पावले तिन्ही कळली, तर मग वॉट आणि किंमत विचारावी. आणि आवाजाचा खटका समोरच्या बाजूला, हाताशी आहे ना, हे पाहावे. काही संचांत तो मागे वायरींच्या गुंत्यात असतो, आणि स्वयंपाकघरातून हाक आल्यावर तिथपर्यंत हात पोचेस्तोवर गाणे संपलेले असते.