उरलेल्याचा हिशेब

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी बाजारपेठेत नव्या वह्यांची पूजा होते. आता बऱ्याच पेढ्यांवर वहीच्या जागी संगणक असतो, पण हळदकुंकू आणि झेंडूचं फूल चुकत नाही. जमा, नावे, येणं, देणं अशी सगळी खाती नव्यानं मांडली जातात. खाण्याचे पदार्थ करणाऱ्या आणि विकणाऱ्यांच्या वहीत मात्र एका खात्याला स्वतंत्र पान क्वचितच मिळतं. तयार झालं, खाण्याजोगं होतं आणि कुणाच्याही तोंडी न पडता गेलं, अशा मालाचं ते खातं. हा माल ‘घट-तूट’ नाहीतर ‘इतर खर्च’ या सदरात गपचूप मिसळून जातो. यंदाच्या अंकातला विशेष विभाग अन्नावर आहे, म्हणून संपादकीयासाठी हेच पान घेतलं.

दिवाळी म्हणजे या धंद्याची सुगी. १ ऑक्टोबर २०२० पासून सुट्या मिठाईच्या ताटापुढेही ‘अमुक तारखेपर्यंत खावी’ अशी पाटी लावणं सक्तीचं झालं, त्यामुळे निदान ताटाचं आयुष्य गिऱ्हाइकाला कळू लागलं. बंगाली मिठाई दिवस-दोन दिवसांची, खव्याची तीन-चार दिवसांची, सुक्या मेव्याची आठवडाभराची. भाऊबीजेच्या दुपारपर्यंत दुकानाबाहेर रांग असते आणि रात्री आत अर्धी ताटं भरलेली असतात. हलवाई काही बेफिकीर नसतो. माल कमी पडला तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं आणि पुढच्या वर्षीही तिकडेच जातं; उरला तर तेवढा मालच जातो. थोडं उरणं हे कमी पडण्यापेक्षा स्वस्त पडतं. मोठ्या कंपन्यांचं गणित याहून वेगळं नाही, आकडे तेवढे मोठे. अन्न वाया जाण्यामागे निष्काळजीपणापेक्षा हे गणितच अधिक आहे, आणि म्हणून सुविचारांच्या पाट्या लावून ते थांबत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ चा अहवाल सांगतो की २०२२ साली जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. त्यातलं ६० टक्के घरांमध्ये, २८ टक्के हॉटेलं आणि खानावळींमध्ये, १२ टक्के दुकानांमध्ये. भारतातल्या घरांचा अंदाज माणशी वर्षाला ५५ किलोचा आहे. कंपन्यांच्या प्रसिद्धिपत्रकांना हा ६० टक्क्यांचा आकडा फार आवडतो, कारण त्यामुळे बोट थेट आपल्या स्वयंपाकघराकडे वळतं. पण हा अहवाल मोजायला सुरुवातच दुकानापासून करतो. शेत, वखार आणि कारखाना यांतली नासाडी त्यात धरलेलीच नाही. शिवाय दोन माणसांच्या घरात एक किलोचा डबा ‘स्कीम’मध्ये अर्ध्या किलोच्या भावानं कुणी आणून घातला, आणि त्यावर तारीख कुणी छापली, हेही विचारायला हवं.

तारखेची गोष्ट जरा थांबून पाहण्यासारखी आहे. ‘बेस्ट बिफोर’ आणि ‘एक्सपायरी’ या दोन तारखांचा अर्थ वेगळा. पहिली चवीची आणि कुरकुरीतपणाची हमी. ती उलटली म्हणून पदार्थ विषारी होत नाही. दुसरी ओलांडली की माल विकता येत नाही. २०२० च्या लेबलविषयक नियमांनी दुसरी तारीख सक्तीची केली आणि पहिली ऐच्छिक. ग्राहकाच्या सुरक्षिततेसाठी हे ठीक, पण डब्यातल्या चकलीला कसली घाई? ती तारखेच्या दुसऱ्या दिवशीही चकलीच असते. नोव्हेंबर २०२४ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं ऑनलाइन विक्रेत्यांना सांगितलं की माल घरपोच होताना त्याचं किमान ३० टक्के आयुष्य किंवा निदान ४५ दिवस शिल्लक असावेत. यातही ग्राहकाचं हितच आहे. मात्र ४४ दिवस उरलेला पुडा आता जाणार कुठे, याचं उत्तर कंपनीनं द्यायचं असतं, आणि ते सहसा कुणी विचारत नाही.

तो पुडा तिथपर्यंत अडकतो कसा, हे कुठल्याही वितरकाला विचारा. महिनाअखेर आली की विक्री प्रतिनिधीला ‘टार्गेट’ पुरं करायचं असतं. मागणी असो वा नसो, माल वितरकाच्या गोदामात ढकलला जातो. वितरक तो दुकानदाराच्या गळ्यात मारतो. कंपनीच्या लेखी विक्री झाली. प्रत्यक्षात पुडा फळीवर धूळ खात बसलेला असतो. सहा महिन्यांनी दुकानदार ‘एक्सपायरी’ची पिशवी पुढे करतो आणि बदली मालासाठी किंवा क्रेडिट नोटसाठी भांडतो. आमच्या व्यवसायातही न खपलेले अंक विक्रेत्याकडून परत येतात आणि रद्दीच्या भावानं जातात, त्यामुळे जास्त छापण्याचा मोह आम्हाला चांगला ठाऊक आहे. फरक एवढाच की शिळा दिवाळी अंक फेब्रुवारीतही वाचता येतो.

मग तारीख जवळ आलेला हा माल देऊन का टाकत नाहीत? वस्तू व सेवा कर कायद्याचं कलम १७(५) वाचलं की अर्धं उत्तर मिळतं. नष्ट केलेला माल आणि फुकट दिलेला माल या दोहोंना कायदा एकाच ओळीत बसवतो. खरेदीवर भरलेल्या कराची वजावट दोन्हींत मिळत नाही. थोडक्यात, वसतिगृहाला दिलेली बिस्किटं आणि भट्टीत टाकलेली बिस्किटं हिशेबनिसाला सारखीच. वर देण्याची कटकट मोठी. कुणाला बाधलं तर नाव कंपनीचं खराब होणार, दिलेला माल मागच्या दारानं परत बाजारात येण्याची धास्ती. नष्ट करणं कसं सुटसुटीत: प्रमाणपत्र, फोटो, फाइल बंद. अमेरिकेनं १९९६ साली सद्भावनेनं अन्न देणाऱ्याला दाव्यांपासून संरक्षण दिलं. फ्रान्सनं २०१६ मध्ये ४०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानांना खाण्याजोगा माल मुद्दाम नासवायला बंदी केली आणि सेवाभावी संस्थांशी करार करायला लावलं. आपल्याकडेही उरलेलं अन्न गोळा करून वाटण्यासंबंधीचे नियम २०१९ मध्ये झाले आणि जुलै २०२० पासून लागू झाले. वाटणाऱ्या संस्थांची नोंदणी, अन्नाची नोंद, स्वच्छता हे सगळं त्यात आहे. मात्र करकायद्यातली ती एक ओळ जोवर तशीच आहे, तोवर देण्याचं पारडं हलकंच राहणार. व्यापारी संघटनांनी अर्थसंकल्पापूर्वीच्या निवेदनांत हा मुद्दा लावून धरावा. बाकीच्या मागण्यांपेक्षा तो मांडायला बरा वाटेल.

देण्याच्या बाजूला उमेद वाटावी अशी कामं आहेत. मुंबईच्या डबेवाल्यांनी रोटी बँक चालवली. लग्नघरातलं, हॉटेलातलं उरलेलं जेवण भुकेल्यापर्यंत नेण्यासाठी शहराच्या गल्ल्या पाठ असलेली माणसं त्यांच्याइतकी कुणाकडे असणार? नोव्हेंबर २०२४ मध्ये झोमॅटोनं जाहीर केलं की त्यांच्याकडे महिन्याला चार लाखांहून अधिक ऑर्डरी ग्राहक रद्द करतात, आणि त्या जवळपासच्या दुसऱ्या ग्राहकाला स्वस्तात देण्याची सोय त्यांनी सुरू केली. या सोयीपेक्षा तो आकडा उघडपणे सांगितला गेला, हे मला अधिक मोलाचं वाटतं.

तरीही ‘उरलेलं गरिबाला’ या सूत्राविषयी मनात अढी आहे, ती लपवत नाही. कंपनीकडे उरतं ते काय? गोड बिस्किटं, खारवलेले वेफर, रंगीत पेयं. आश्रमशाळेतल्या मुलाला हवं असतं दूध, डाळ, अंडं, पालेभाजी. कंपनीची अडचण आणि मुलाची गरज यांचा मेळ योगायोगानंच बसतो. नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करण्याची सक्ती २०१३ च्या कंपनी कायद्यानं ठरावीक मोठ्या कंपन्यांवर घातली, आणि त्या कामांच्या यादीत पहिलंच नाव भूक व कुपोषण निर्मूलनाचं आहे. त्या पैशांतून पुडे वाटून फलकासह फोटो काढण्यापेक्षा एखाद्या तालुक्यात शीतगृह उभं करावं, किंवा श्रमिकांनीच चालवलेल्या खानावळीला भांडवल द्यावं. पुण्यात हमाल पंचायतीनं ‘कष्टाची भाकर’ सुरू केली ती दानधर्म म्हणून नव्हे. स्वस्तात, ताजं आणि पैसे मोजून जेवायचं, अशी ती रीत. पैसे मोजणाऱ्याची मान ताठ राहते, आणि मागणी रोजची असल्यामुळे स्वयंपाकाचा अंदाजही फारसा चुकत नाही.

खरी गंमत मात्र कारखान्याच्या अलीकडे आहे. नाबार्डच्या नॅबकॉन्स या सल्लागार संस्थेच्या २०२२ च्या पाहणीनुसार देशात काढणीपासून पुढच्या टप्प्यांत होणारं नुकसान वर्षाला दीड लाख कोटी रुपयांहून जास्त आहे. त्यात पेरू पंधरा टक्क्यांच्या आसपास जातो, टोमॅटो साडेअकरा टक्क्यांच्या पुढे. आणि दूध? एक टक्कासुद्धा नाही. दूध हा यांतला सर्वांत नाशवंत जिन्नस; पेरू दोन दिवस टोपलीत राहील, उन्हाळ्यातलं दूध दुपारपर्यंत फाटेल. तरी तेच सर्वांत कमी वाया जातं, कारण गावात रोज दोन वेळा ते घ्यायला कुणीतरी बांधलेलं असतं. फॅट लागते, नोंद होते, शीतकरण होतं, ठरल्या मुदतीला पैसे जमा होतात. हिवाळ्यात पुष्टकाळात दूध वाढलं की संघ त्याची भुकटी आणि लोणी करतात, आणि कृशकाळात ते परत कामी येतं. गोकुळ, वारणा यांसारख्या संघांनी हे समाजकार्य म्हणून केलं नाही. सभासदच मालक असल्यामुळे त्याचं दूध नाकारणं त्यांना परवडणारं नव्हतं. सहकारातले गट-तट, निवडणुका, घराणी हे सगळं धरूनही हा हिशेब जमेचाच आहे. २०१८ च्या दूध उत्पादकांच्या आंदोलनात रस्त्यावर ओतलं गेलेलं दूध नासलेलं नव्हतं. भांडण भावाचं होतं.

टोमॅटोला असा कुणी बांधलेला नाही. जुलै २०२३ मध्ये शहरांत तो किलोला शंभराच्या पुढे गेला. सप्टेंबरात नारायणगाव आणि पिंपळगावच्या बाजारात पाच रुपयांच्या आसपास आला आणि क्रेटच्या क्रेट रस्त्याकडेला ओतले गेले. अशा वेळी ‘सॉसचे कारखाने काढा’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. पण लांबच्या प्रवासासाठी निवडलेल्या जाड सालीच्या, पाणीदार टोमॅटोत गर कमी. आटवायला इंधन फार आणि हाती पेस्ट थोडी. प्रक्रियेला वेगळं वाण लागतं आणि ते लावण्याआधी शेतकऱ्याला भाव कळावा लागतो. म्हणजे कंपनीनं लागवडीपूर्वी करार करायला हवा, आणि बाजार पडला तरी तो पाळायला हवा. बाजार चढला की शेतकरीही करार मोडतो, हे खरंच; विश्वास एका हंगामात बसत नाही. नाशिकजवळ मोहाडीत सह्याद्री फार्म्सनं शेतकऱ्यांचीच कंपनी करून ही गाठ सोडवली. एकाच आवारात निर्यातीचा माल आणि प्रक्रियेचा माल वेगळा होतो, त्यामुळे डागी फळालाही पुढची वाट असते.

मोठ्या कंपन्यांकडून पहिली अपेक्षा याहून साधी आहे: आकडा सांगा. ब्रिटनमधली टेस्को २०१३ पासून आपल्या दुकानांतली अन्नाची नासाडी जाहीर करते. आपल्याकडे सेबीच्या नियमानं आघाडीच्या एक हजार सूचीबद्ध कंपन्यांना दरवर्षी कचऱ्याचा तपशील द्यावा लागतो. त्या तक्त्यात प्लास्टिकला रकाना आहे, बॅटरीला आहे, किरणोत्सारी कचऱ्यालाही आहे. अन्न जातं ‘इतर, धोकादायक नसलेला’ या शेवटच्या ओळीत. डिसेंबर २०२४ पासून अन्नसुरक्षा प्राधिकरणानं मुदत संपलेल्या आणि नाकारलेल्या मालाची माहिती उत्पादकांकडून दर तिमाहीला मागवायला सुरुवात केली, पण तिचा हेतू तो माल नवं लेबल लावून परत विकला जाऊ नये हा आहे. म्हणजे मोजणी सुरू झाली आहे. ती वार्षिक अहवालात आणायला नवा कायदा कशाला हवा?

या अंकात मसाले, लोणची, फरसाण आणि तयार पिठं करणाऱ्यांच्या जाहिराती आहेत. त्यांच्याशिवाय हा अंक या किमतीत निघाला नसता, आणि त्यांचे मनापासून आभार. त्यांच्यासाठी एक देकार आहे. मावळत्या वर्षात किती माल केला, किती परत आला, त्यातला किती दिला आणि किती नष्ट केला, एवढे चार आकडे सहीनिशी पाठवा. पुढच्या दिवाळीत ते जाहिरातीच्या पानावर, जाहिरातीच्याच आकारात, विनामूल्य छापू. आमचे जाहिरात व्यवस्थापक या प्रस्तावावर नाराज आहेत. एकही पत्र येणार नाही, असं सांगून मी त्यांची समजूत काढली आहे. ती खोटी पाडण्याची मुदत गणेशचतुर्थीपर्यंत.

— संपादक