चांद्याचे राजाभाऊ



ऑक्टोबर उजाडला की आमच्या कुरखेडा भागातली मंडळी चांद्याच्या दीक्षाभूमीला जायची तयारी करू लागतात. त्यांतल्या पोरासोरांना विचारावे, नागपूरनंतर बाबासाहेबांनी चांद्यालाच दीक्षा का दिली? पोरे आमच्या तोंडाकडे पाहतात. दोष पोरांचा नाही. आपण घरात राजाभाऊंचे नावच काढत नाही.

बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांचे कागदोपत्री नाव भाऊराव देवाजी खोब्रागडे. जन्म २५ सप्टेंबर १९२५, चांदा. वडील देवाजीबापू यांना समाजात मान होता, घरची परिस्थितीही बरी होती. बी. ए. झाल्यावर राजाभाऊ इंग्लंडला गेले आणि बॅरिस्टर होऊन आले. त्या काळी ही पदवी म्हणजे केवढी गोष्ट! मुंबईत किंवा नागपुरात पाटी लावून बसले असते तर सात पिढ्यांची ददात मिटली असती. पण राजाभाऊ जंगलाच्या कडेला असलेल्या आपल्या चांद्याला परत आले आणि शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या कामाला लागले. आज आपण लेकरांना शिकायला बाहेर पाठवतो आणि वर सांगतो, "बापू, इकडे परत नको येऊ." असे सांगताना चांद्याचा हा बॅरिस्टर आठवावा, एवढेच आमचे म्हणणे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली. उशिरा पोचलेल्यांसाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा झाली. बाबासाहेबांची प्रकृती पार ढासळली होती, चालायला आधार लागत होता. तरीही १६ तारखेला ते चांद्याला आले, कारण राजाभाऊ आणि त्यांच्या सोबत्यांनी तो सोहळा अंगावर घेतला होता. तेव्हा राजाभाऊंचे वय ३१. गडचिरोली जिल्हा नव्हताच, तो २६ ऑगस्ट १९८२ ला झाला. आपले कुरखेडा चांदा जिल्ह्यातच मोडत असे. म्हणजे ती दीक्षा परक्या गावची नव्हे, आपल्याच जिल्ह्याची. आपल्याकडच्यांना वडसा गाठून छोट्या रेल्वेने चांदा फोर्टला जाता येई. पण तिकिटाचे पैसे किती घरांत होते?

त्यानंतर ५१ दिवसांनी बाबासाहेब गेले. समाज पोरका झाला. ३ ऑक्टोबर १९५७ ला नागपूरला रिपब्लिकन पक्ष उभा राहिला, आणि एप्रिल १९५८ मध्ये राजाभाऊ राज्यसभेत पोचले. वय अवघे ३२! राज्यसभेला वयाची अटच ३० वर्षांची आहे, हे ध्यानात घ्यावे.

डिसेंबर १९६९ मध्ये ते राज्यसभेचे उपसभापती झाले. त्यांच्या आधीचे दोन्ही उपसभापती काँग्रेसचे होते. कोणी म्हणेल, नुकतीच काँग्रेस फुटली होती, इंदिराबाईंना इतर पक्षांची गरज होती, म्हणून हे पद मिळाले. असेल तसेही. पण गरज पडल्यावर त्या खुर्चीला शोभेल असा माणूस आपल्याजवळ तयार होता, हे का विसरावे? एप्रिल १९७२ पर्यंत ते त्या पदावर होते.

सगळे गोडच लिहावे, हे आम्हांस पटत नाही. रिपब्लिकन पक्षाची शकले झाली, त्यांतल्या एका शकलाला 'खोब्रागडे गट' म्हणत. कारणे काहीही असोत, त्या फुटीचे मोल आपल्या गावोगावच्या कार्यकर्त्यांनी मोजले. एकाच मोहल्ल्यात दोन झेंडे, दोन जयंत्या आणि सख्ख्या भावांत अबोला. राजाभाऊंना मानणाऱ्यांनीही हे बोलले पाहिजे.

राज्यसभेतली त्यांची तिसरी मुदत २ एप्रिल १९८४ ला संपली आणि ९ एप्रिलला ते गेले. पुढे १९९० मध्ये संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लागले, बौद्धांना केंद्राच्या सवलतीही मिळाल्या. १९६४ च्या रिपब्लिकन सत्याग्रहात या मागण्या होत्या. राजाभाऊंना हे पाहायला मिळाले नाही.

वाचक भगिनींना एक विनंती. १९५६ साली आईबापाचे बोट धरून चांद्याला गेलेली माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत. घरात अशी आजी असेल तर नातवंडाला वही घेऊन तिच्याजवळ बसवा. कोणत्या गावाहून निघालो, पायी की बंडीने, शिदोरीत काय होते, रात्र कुठे काढली, सारे लिहून घ्या. या दिवाळीच्या सुट्टीतच घ्या.