दूरच्या सोयऱ्यांची लाह



गेल्या महिन्यात पाड्यापाड्यांवर बैठका झाल्या. मणिबेलीची हकिगत निघाली की कुणीतरी विचारायचंच, “जपानातली, अमेरिकेतली माणसं आपल्यासाठी कशाला भांडतात? त्यांना काय मिळतं?” आणि बाजारच्या दिवशी साहेबलोक सांगतात, “हे सगळे परदेशी हस्तक. त्यांच्या नादी लागू नका.” दोघांनाही उत्तर द्यायला हवं.

आधी साहेबांना. सरदार सरोवरासाठी जागतिक बँकेनं १९८५ साली ४५ कोटी डॉलर देण्याचा करार केला. टर्बाइनसाठी जपानचा पैसा येणार होता. हा पैसा परदेशी नव्हता काय? कर्ज परदेशातून आलेलं चालतं. त्या कर्जानं कुणाची घरं बुडतात, असं तिथल्या माणसानं विचारलं की तो मात्र हस्तक! बँकेत पैसा घालतात ती तिकडची सरकारं, लोकांच्या करातून. आपल्या पैशानं कुणाचा संसार मोडू नये म्हणून ते लोक आपापल्या सरकारशी भांडले. जपान सरकारनं १९९० साली पुढचा पैसा थांबवला.

मग बँकेलाही चौकशी समिती नेमावी लागली. अध्यक्ष अमेरिकेचे ब्रॅडफर्ड मोर्स, त्यांच्यासोबत कॅनडाचे थॉमस बर्जर. या बर्जरांची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. त्यांच्या देशात उत्तरेला मॅकेन्झी नदीच्या खोऱ्यातून गॅसची पाइपलाइन न्यायची होती. तिथं डेने आणि इनुइट लोक राहतात, तिथले मूळ रहिवासी. बर्जर गावोगाव गेले, लोकांच्या भाषेत त्यांचं ऐकलं आणि १९७७ साली सांगितलं: आधी या लोकांच्या जमिनीच्या हक्काचा निकाल लावा, दहा वर्षं पाइपलाइन नको. गावकऱ्याचं म्हणणं हा पुरावा असतो, हे बर्जर तिथं शिकले आणि तेच घेऊन नर्मदेवर आले. म्हणजे तिकडच्या आदिवासींनी केलेली मेहनत आपल्या कामी आली.

जून १९९२ मध्ये समितीचा अहवाल आला. आजच्या परिस्थितीत सगळ्यांचं पुनर्वसन शक्य नाही, बँकेनं मागं सरावं, असं त्यात लिहिलंय. आपल्यासाठी त्याहून मोठी गोष्ट दुसरी आहे. सरकार तेव्हा म्हणायचं, सातबारा नाही तर तुम्ही अतिक्रमणदार, आणि अतिक्रमणदार म्हणजे भूमिहीन. समिती म्हणते, पिढ्यान्‌पिढ्या कसतो तो जमीनधारक. त्याला जमिनीच्या बदल्यात जमीन मिळायला हवी. हा प्रश्न काही धरणाखालच्या ३३ गावांपुरता नाही. फॉरेस्टच्या प्लॉटवर नांगर धरणाऱ्या तुमचा-आमचा तोच प्रश्न आहे.

आता कडू बोलूया. १९९३ च्या मार्चमध्ये, बँकेच्या अटींची मुदत संपत आली तेव्हा, आपल्या सरकारनंच सांगून टाकलं की उरलेलं कर्ज नको. बँक गेली, पण भिंत चढतच राहिली, आपल्याच तिजोरीतून. मणिबेली आपल्या राज्यात पहिलं बुडायचं गाव होतं, आणि पावसाळा तोंडावर आला होता. तेव्हा कुणी असं समजू नये की गोरे लोक येतील आणि पाणी अडवतील. दूरचा साथी पैसा अडवू शकतो, खोटं उघडं पाडू शकतो. पण पाण्यापुढं उभं राहायचं ते गावानंच.

बैठकीतल्या प्रश्नाचं उत्तर आपल्या घरातच आहे. घर उभारायचं असलं की अख्खा पाडा लाहेला येतो. त्याला मजुरी नाही. पण मालकानं आधी खांब आणून ठेवलेले असावे लागतात, आणि उद्या दुसऱ्याच्या घराला त्यानंही जायचं असतं. खांबच नसतील तर आलेली माणसं काय करणार? आणि जो कधीच कुणाकडं जात नाही, त्याच्याकडं किती दिवस येणार?

म्हणून तीन कामं करायची.

एक, फॉरेस्टनं फाडलेल्या दंडाच्या पावत्या चुलीत घालू नका. कितीही जुनी, फाटकी असो, जपा. आपण कधीपासून कसतो, हे त्यांनीच आपल्याला लिहून दिलंय. हे आपले खांब.

दोन, प्रत्येक पाड्यानं बैठकीत बसून आपल्या जमिनीची हकिगत आपल्या बोलीत सांगावी. शिकलेल्या पोरांनी ती लिहून घ्यावी, म्हाताऱ्यांचे अंगठे घ्यावेत. बायांनी सांगितलेलंही त्यात आलं पाहिजे, कारण रान कुठं काय देतं हे त्यांना जास्त ठाऊक.

तीन, पाऊस लागायच्या आत प्रत्येक पाड्यावरून दोन माणसं, जमेल तेवढी ज्वारी घेऊन मणिबेलीला जावीत. जपानची माणसं त्यांच्यासाठी बोलली आणि आपण शेजारी असून घरी बसलो, असं व्हायला नको.

उद्या डोंगरापलीकडून, नाहीतर समुद्रापलीकडून कुणी हाक दिली, तर आपणही लाहेला जाणार आहोत.

जिंदाबाद!