रयतवारीत मध्यस्थ नव्हता?

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे मी अभ्यासाला बसले की आजी जवळ येऊन बसते आणि म्हणते, "मोठ्यानं वाच." सहामाहीच्या आदल्या रात्री मी पाठ करीत होते : 'रयतवारी पद्धतीत सरकार व शेतकरी यांचा प्रत्यक्ष संबंध आला. जमीनदारासारखा मध्यस्थ उरला नाही.' आजीने विचारले, "आन् सारा भरायला पैका कुणाकडनं आणायचा?"

मी निरुत्तर झाले. पाठ्यपुस्तकही या बाबतीत निरुत्तरच आहे.

आमचा तालुका इंदापूर. मुंबई इलाख्यातील शेतसाऱ्याचे पहिले प्रयोग इथेच झाले. १८३० च्या सुमारास प्रिंगल नावाच्या साहेबाने रिकार्डोच्या सिद्धांताला धरून निव्वळ उत्पन्नाचा शेकडा ५५ भाग सरकारचा ठरविला. हिशेब कागदावर सुंदर होता. पण हाताखालच्या लोकांनी लाच खाऊन नोंदी फिरविल्या, धान्याचे भाव उतरले आणि कुणबी जमिनी टाकून निजामाच्या हद्दीत निघून गेले. पुढे १८३६ मध्ये गोल्डस्मिड व विंगेट यांनी सारा कमी केला, आण्यांत जमिनीची प्रत लावली आणि आकार तीस वर्षांसाठी कायम केला. पडीक राने पुन्हा पिकू लागली, हे मान्य केलेच पाहिजे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळातील मक्तेदारांनी रयतेला पिळले होते, हेही विसरून चालणार नाही. जुने ते सगळे सोने, असे मी म्हणत नाही.

पण सारा रोख हवा, ठरल्या तारखेला हवा, मग पाऊस पडो वा न पडो. खळ्यात बाजरी असली तरी सरकारला हवेत रुपये! ते देणार कोण? सावकार. सावकार पूर्वीही होताच. पण आता जमीन शेतकऱ्याच्या नावावर चढली होती, म्हणजेच ती गहाण पडू शकत होती, लिलावात निघू शकत होती आणि सावकाराच्या पाठीशी दिवाणी कोर्ट उभे होते. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जाच्या खताला तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतू शेतकऱ्याला वाचविण्याचा. झाले असे की, दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहिले जाऊ लागले. त्या खताखाली अंगठा उठविणाऱ्याला आतला मजकूर कोण वाचून दाखविणार?

अमेरिकेतील यादवीमुळे १८६१ ते ६५ या काळात कापसाला सोन्याचा भाव आला, कर्जही सहज मिळू लागले. यादवी संपली, भाव कोसळले. आणि नेमकी त्याच सुमारास, १८६७ मध्ये, तीस वर्षांची मुदत संपून इंदापूरचा सारा जवळजवळ दीडपट झाला!

१२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांची घरे गाठली. त्यांनी मागितली ती खते आणि वह्या, आणि मिळाल्या तिथे त्यांची होळी केली. निरक्षर माणसाला आपला शत्रू कागदात आहे हे बरोबर कळले होते. सरकारने चौकशी आयोग नेमला. आयोगाने सावकाराला दोष दिला, सरकारच्या साऱ्याला मात्र दंग्याचे मूळ कारण मानले नाही. १८७९ साली शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. सारा रोखच राहिला.

माझे मत असे की, रयतवारीत मध्यस्थ होता. फक्त तो सरकारने नेमलेला नव्हता, म्हणून त्याची जबाबदारीही सरकारवर नव्हती. बंगालचा जमीनदार सनदेत दिसतो, आमचा सावकार पाठ्यपुस्तकातील तक्त्यात कुठल्याच रकान्यात बसत नाही.

परीक्षेत तो प्रश्न आला, पाच गुणांना. मी पाठ केलेले सगळे लिहिले आणि शेवटी वरचे मत एका ओळीत लिहिले. पेपर परत मिळाला तेव्हा त्या ओळीखाली लाल रेघ होती. गुण साडेतीन. आजीला मी फक्त गुण सांगितले.