आडनावाला जोडीचं नाव

बाळाचं नाव आडनावाच्याच अक्षरावरून ठेवायचं, हे खूळ मला मुळीच पटत नाही. आमच्याच नात्यात एका चिमुरडीसाठी 'क'वरून शोधाशोध चाललीय. तिच्या आईला 'मीरा' आवडलंय, पण ते कुलकर्णीशी जुळत नाही म्हणून बाद! का, तर म्हणे जोडीचं नाव कानाला गोड लागतं.

अहो, पण लागणार कधी? आपल्याकडे नाव आणि आडनाव शेजारी बसतात कुठे? मध्ये वडील असतातच. आता तर महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर बाळ, मग आई, मग वडील आणि शेवटी आडनाव असा क्रम आहे. म्हणजे 'कार्तिकी' आणि 'कुलकर्णी' यांच्यामध्ये दोन माणसं उभी!

गंगाधर गाडगीळ, प्रभाकर पणशीकर ही नावं गाजली ती कामामुळे. (पणशीकरांनी 'तो मी नव्हेच'मध्ये गाजवलेला लखोबा लोखंडेही जोडीच्याच नावाचा... आणि अट्टल ठक!)

पुढे ही मुलगी आडनाव बदलेल, ठेवील, नाहीतर लावणारच नाही. ते तिचं ती बघेल. आजच तिच्या नावाला आडनावाचं दावं कशाला? आणि घरात हाक मारताना आडनाव घेतो कोण? आईला 'मीरा' आवडलंय ना? मग तेच ठेवा की!