विश्लेषण : पॉलिप परत येऊ नये म्हणून कांदा आणि कडधान्ये पुरेशी आहेत का?

कल्याण-डोंबिवलीच्या लोकलमध्ये मूळव्याध, भगंदरावरील ‘बिनऑपरेशन’ उपचारांची जाहिरात नसलेला डबा विरळाच. शौचावाटे रक्त गेले की पहिला तर्क मूळव्याधीचाच होतो आणि अनेकदा तो बरोबरही असतो. पण काहींच्या मोठ्या आतड्यात कोलोनोस्कोपीत पॉलिप सापडतो. बहुतेक वेळा तो तिथल्या तिथे दुर्बिणीतून काढला जातो. घरी परतताना प्रश्न उरतो, आता खायचे काय?

पॉलिप परत का येतो?

पॉलिप म्हणजे आतड्याच्या अस्तरावर उगवलेला कोंब. सगळेच घातक नसतात. ‘अ‍ॅडेनोमा’ प्रकारातील काहींचा मात्र बऱ्याच वर्षांनी कर्करोग होऊ शकतो. एक काढला तरी अस्तर तेच राहते, म्हणून दुसरा उगवतो.

आहाराने फरक पडतो?

अमेरिकेतील ‘पॉलिप प्रिव्हेन्शन ट्रायल’मध्ये अ‍ॅडेनोमा काढलेले सुमारे २,००० लोक होते. एका गटाला कमी चरबीचा, तंतुमय पदार्थ आणि फळे-भाज्या भरपूर असलेला आहार दिला गेला. २००० साली निकाल आला तो निराशाजनक होता. चार वर्षांत दोन्ही गटांतील सुमारे ४० टक्के लोकांना अ‍ॅडेनोमा पुन्हा झाले होते.

त्याच लोकांच्या आहाराच्या नोंदी २००८ मध्ये पुन्हा तपासल्या गेल्या. ‘फ्लॅव्होनॉल’ ही वनस्पतिजन्य द्रव्ये ज्यांच्या पोटात दिवसाला सुमारे ३० मिलिग्रॅम किंवा अधिक जात होती, त्यांच्यात मोठे, धोक्याचे अ‍ॅडेनोमा परतण्याची शक्यता सर्वांत कमी खाणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे तीन-चतुर्थांशाने कमी दिसली. एकूण अ‍ॅडेनोमांबाबत मात्र असा फरक दिसला नाही. ही द्रव्ये येतात कडधान्ये, कांदा, सफरचंद आणि चहातून. म्हणजे मटकीची उसळ आणि सोबत चिरलेला कांदा; पोळी-भाजी केंद्रातही मिळेल असे जेवण. (मामलेदार मिसळीच्या ठाण्यात हे वाचून कोणी खूश होईल; पण तर्री-फरसाणासकट मिसळ औषध ठरत नाही.) कांदा सोलताना बाहेरची जाड पाकळी फेकू नये, फ्लॅव्होनॉल तिथेच जास्त असतात.

तरीही हा पुरावा नव्हे, संबंध आहे. कडधान्ये जास्त खाणाऱ्यांच्या इतर सवयीही वेगळ्या असू शकतात. हळदीतील कर्क्युमिनचे उदाहरण ताजे आहे. आनुवंशिक पॉलिपच्या आजारातील पाच रुग्णांवर कर्क्युमिन आणि क्वेर्सेटिनचा एकत्रित प्रयोग २००६ मध्ये आशादायक ठरला. २०१८ मध्ये ४४ रुग्णांवर कर्क्युमिनची रीतसर चाचणी झाली, तेव्हा वर्षभर रोज ३ ग्रॅम घेऊनही औषधाविना असलेल्या गटापेक्षा फरक पडला नाही. त्यामुळे ‘आतडे शुद्ध करणाऱ्या’ महागड्या कॅप्सूलपेक्षा उसळच बरी.

मग टाळले काय जाते?

पुढची कोलोनोस्कोपी. आदल्या दिवशी पोट साफ करण्याचे औषध, रजा, खर्च आणि आता तर काहीच त्रास नाही, ही सगळी कारणे जवळच असतात. त्यात ‘खाणे सुधारले’ हे समाधान आणखी एक कारण होते, आणि खरा धोका तिथे आहे. पाच किंवा अधिक अ‍ॅडेनोमा, अथवा एक सेंटिमीटर वा त्याहून मोठा असेल, तर साधारण तीन वर्षांनी पुन्हा तपासणी सुचवली जाते. एक-दोन लहान असतील तर बऱ्याच उशिरा. नेमका काळ पॅथॉलॉजीच्या रिपोर्टवरून डॉक्टर ठरवतात, त्यामुळे तो कागद फाइलमधून हरवू देऊ नये. अ‍ॅडेनोमा मोठा निघाला असेल, तर भावंडांनी आणि मुलांनीही आपल्या तपासणीबद्दल विचारून घ्यावे.